वहीत न मांडलेला खर्च

आमच्यापैकी एकाच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, आजीची एक जुनी वही सापडली. लाल कापडी बांधणीची, वाणी उधारीसाठी वापरतात तसली लांबट वही. वरच्या कोपऱ्यात १९७३ हे साल आणि आत बाळबोध वळणाच्या अक्षरांत रोजचा खर्च. पहिल्या पानांवर तूरडाळ, गूळ, गोडेतेल, रॉकेल, साखर, दूध, मुलांच्या वह्या अशी भरगच्च यादी आहे. पाने उलटत जावे तशी ती आखूड होत जाते आणि वस्तूंच्या जागी शेरे येऊ लागतात. 'डालडा मिळाला नाही.' 'रॉकेल — रांग, परत.' 'दूध पावशेर कमी केले.' आणि एके ठिकाणी, आकड्याच्या रकान्यात आकडा न लिहिता, केवळ दोन शब्द : 'चहा एकदाच.'

हा दुसऱ्या वेळचा चहा कोणाचा बंद झाला, हे वहीत लिहिलेले नाही. घरात ते कोणी विचारलेही नसावे. कामावर जाणाऱ्याचा तो बंद झाला नसणार, पाहुण्याचा तर नाहीच नाही. महागाईचा इतिहास लिहिणारे बहुधा भावांचे तक्ते मांडतात. कोणती वस्तू कितीने चढली हे त्यांतून कळते. परंतु चढलेला भाव घराच्या उंबरठ्याच्या आत आल्यावर तो कोणाच्या वाट्याला किती आला, हे तक्त्यांतून कळत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा माग, मुख्यतः मुंबईच्या आणि महाराष्ट्राच्या विसाव्या शतकातील अनुभवाच्या आधारे, काढू पाहत आहोत.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'महाग' हा शब्द 'महार्घ' या संस्कृत शब्दापासून आला. जुन्या मराठी कागदपत्रांत 'महर्गता' आणि 'सवंगता' ही जोडी भेटते. धान्याच्या चालू भावाला 'धारण' हा शब्द होता. ही धारण सांगण्याची रीत मोठी अर्थपूर्ण होती. आज आपण किलोला इतके रुपये असे म्हणतो. म्हणजे धान्य स्थिर धरतो आणि पैसा हलतो. पूर्वी रुपयाला इतके शेर किंवा इतक्या पायल्या असे सांगत. रुपया स्थिर आणि धान्य कमी-अधिक. दोन्ही गणिते तत्त्वतः एकच. पण पहिल्या रीतीत आपल्याला खिसा दिसतो, दुसरीत ताट दिसते. दुष्काळाच्या वर्षी 'धारण उतरली' की पायल्या घटत आणि कोणाच्या पानातली भाकरी कमी झाली हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहत असे. १९५७ साली दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ दशमान वजने आली, पायली-अधोली घरातल्या अडगळीत गेल्या. सोय निःसंशय झाली. पण महागाई मोजण्याचे माप ताटाकडून खिशाकडे सरकण्याची क्रिया त्याआधीच, दुसऱ्या एका ठिकाणी, सुरू झालेली होती.

ते ठिकाण म्हणजे मुंबईच्या गिरण्या. पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात धान्याचे आणि कापडाचे भाव भडकले, तेव्हा १९१७ पासून गिरणीमालकांनी मूळ पगारावर टक्केवारीने महागाईची भर देण्यास आरंभ केला. ती अपुरी पडली आणि जानेवारी १९१९ मध्ये, पुन्हा १९२० च्या आरंभी, गिरण्यांत सार्वत्रिक संप झाले. संपाच्या धास्तीने म्हणा वा प्रशासकीय निकडीने म्हणा, मुंबई सरकारने १९२१ मध्ये स्वतंत्र मजूर कचेरी स्थापन केली आणि जुलै १९१४ चा निर्वाहखर्च १०० धरून दरमहा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली आणि १९२३ मध्ये तिचा अहवाल निघाला. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. रुपयामागे महिना एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर. वर्षाला तो ७५ टक्के पडतो. महागाईला तोंड देण्याचे कामगारांचे पहिले साधन सावकार होता, आणि ते साधन महागाईपेक्षा महाग होते.

निर्देशांक ही मोठी उपलब्धी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यामुळे कामगाराच्या तक्रारीला आकड्याचे बळ मिळाले. मार्च १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईत, मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी चाळीस दिवस संप केला; पुढे गिरण्यांतला भत्ता निर्देशांकाला जोडला गेला. मग भांडण निर्देशांकाच्या आत शिरले. आकडा खरा आहे का, हाच प्रश्न झाला. १९६३ मध्ये मुंबईचा निर्देशांक भाववाढ कमी दाखवतो या तक्रारीवरून कामगार संघटना रस्त्यावर आल्या; अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि तक्रारीत तथ्य असल्याचे समितीने मान्य केले. एका शहरातले कामगार संख्याशास्त्रातल्या चुकीविरुद्ध लढतात आणि ती दुरुस्त करून घेतात, ही घटना आमच्या मते जेवढी सांगितली जायला हवी होती तेवढी सांगितली गेलेली नाही.

परंतु निर्देशांकाची रचनाच अशी की त्यात 'कुटुंब' हे एकच तोंड, एकच पोट आणि एकच पाकीट असते. भाव वाढला की कुटुंब महाग वस्तू सोडून स्वस्त वस्तू घेते, एवढे अर्थशास्त्राला ठाऊक असते. ती स्वस्त वस्तू निवडण्या-टिपण्याचे, दळण्याचे, दुसऱ्या पिठात मिसळून खाण्याजोगी करण्याचे आणि तिच्यासाठी रांगेत उभे राहण्याचे तास कोणाचे, हा रकाना कोणत्याही पाहणीत नव्हता. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि 'रेशन' हा शब्द मराठी झाला. त्याबरोबर 'रांग' या शब्दालाही नवा अर्थ आला. रेशनच्या दुकानातला भाव निर्देशांकात धरला जाई. रांगेचा भाव धरला जात नसे.

गिरणगावातील खानावळींकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा राही, बायकोमुले गावी. तो एखाद्या कामगाराच्याच बायकोकडे महिन्याच्या बोलीवर जेवे. पैसे पगार झाल्यावर. वाण्याकडून धान्य उधारीवर उचलून, पहाटेपासून रात्रपाळीपर्यंत चूल पेटती ठेवून ही बाई दहा-वीस माणसांना जेवू घाली. महिन्याच्या मध्यावर डाळ महागली तर वाणी नवा भाव लावी. जेवणाऱ्यांचा दर मात्र महिनाअखेरपर्यंत ठरलेलाच. मधला फरक ती आपल्या घरातून भरून काढी. संप झाला तर जेवणारे थकबाकी ठेवून गावी जात, आणि वाण्याची उधारी तिच्या नावावर चढत राही. म्हणजे गिरण्यांच्या महागाईचा एक भाग मालकाने भत्त्याच्या रूपाने सोसला, एक भाग कामगाराने अर्धपोटी सोसला आणि उरलेला भाग, ज्याची नोंद कोठेच नाही, तो या खानावळवाल्या बायकांनी सोसला. त्यांना भत्ता नव्हता, कारण त्या 'कामगार' नव्हत्या. गोवामुक्तीच्या लढ्यातून पुढे आलेल्या आणि मुंबईच्या कामगार चळवळीत रुळलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्या प्रथमच कोणत्या तरी सार्वजनिक वहीत दाखल झाल्या.

१९७५ हे साल योगायोगाने आलेले नाही. त्याआधीची तीन वर्षे महाराष्ट्राच्या आठवणीत कायमची कोरलेली आहेत. १९७२ चा दुष्काळ हा सलग नापिकीवरचा कळस होता. दुष्काळी कामांवर मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडत आणि माती वाहत होती, आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळे. ही तांबडी ज्वारी खाल्लेल्या पिढीतल्या कोणालाही विचारावे, तिची भाकरी थापताना कशी तुटे हे ती पिढी अजून सांगते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले होते. वाटी-चमच्याच्या घरगुती मापाने नेमकेपणे स्वयंपाक शिकवणाऱ्या त्या पुस्तकाचे घरोघर स्वागत होत असतानाच वाटीत घालायचे काय, हा प्रश्न उभा राहिला होता.

त्यातच ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून काही महिन्यांत जवळजवळ बारा डॉलरवर गेला. गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने एप्रिल १९७३ मध्ये हाती घेतला होता. तो फसला आणि पुढच्याच वर्षी सोडून द्यावा लागला. घाऊक किमतींची वाढ १९७३-७४ मध्ये सरासरी २० टक्क्यांच्या आणि १९७४-७५ मध्ये २५ टक्क्यांच्या आसपास होती. गुजरातेत एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील खानावळीचे बिल वाढले, एवढ्या ठिणगीवरून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये चिमणभाई पटेल यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. जुलै १९७४ मध्ये तर सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीच्या ठेवीत वळवली. भत्ता हेच महागाईचे एक कारण आहे, अशी त्यामागची धारणा होती.

मुंबईत मात्र १९७२ पासून एक निराळीच शक्ती रस्त्यावर आलेली होती. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती हे तिचे नाव. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा, एरवी एका व्यासपीठावर सहसा न येणाऱ्या पक्षांच्या स्त्रिया यात एकत्र आल्या. मृणालताई गोरेगावात पाण्याच्या प्रश्नावर लढत लढत 'पाणीवाली बाई' झालेल्या आणि १९७२ मध्ये विधानसभेवर निवडून आलेल्या. अहिल्याताई मुंबई महापालिकेत वर्षानुवर्षे काम केलेल्या. थाळीनाद, हंडा-कळशी मोर्चे, साठेबाजांच्या गोदामांवर धडक, मंत्र्यांना घेराव आणि या सर्वांवर कळस असा लाटणे मोर्चा. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

लाटण्याची त्या काळी थट्टाही पुष्कळ झाली. नवऱ्यावर उगारायचे शस्त्र म्हणून व्यंगचित्रांतून ते आधीच सर्वांच्या परिचयाचे होते. आम्हांस मात्र त्या निवडीत एक विलक्षण अचूकपणा दिसतो. निर्देशांकाच्या भाषेत महागाई ही पगारदाराची तक्रार होती. तिचे हत्यार संप, तिचे फळ भत्ता. ज्या बाईला पगारच नाही तिने कोणते काम बंद ठेवायचे? स्वयंपाक बंद ठेवला तर मुले उपाशी. तेव्हा तिने काम बंद न ठेवता कामाचे साधनच घराबाहेर आणून दाखवले. उंबरठ्याच्या आत जे मुकाट्याने सोसले जात होते, ते सोसणे हेही श्रम आहेत, असे त्या लाटण्याने सांगितले. हिशेबाच्या वहीत 'चहा एकदाच' असे लिहिणारी बाई त्या मोर्चात होती की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. पण तिच्या वहीतला तो आकडा नसलेला रकाना त्या दिवशी रस्त्यावर आला, असे म्हणता येईल.

या चळवळीचा गौरव करून येथेच थांबणे सोपे आहे. तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समितीची मागणी शहरी ग्राहकाची होती : धान्य, तेल, साखर रास्त भावात मिळावी. रास्त कोणासाठी, हा प्रश्न पुढे उभा राहायचाच होता. १९८० च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशी यांची शेतकरी संघटना गाजू लागली आणि शहरातली स्वस्ताई शेतकऱ्याच्या घामातून वसूल केली जाते, हा मुद्दा ठामपणे मांडला गेला. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरले. म्हणजे एका बाईच्या लाटण्याखाली जे पीठ स्वस्त व्हायला हवे होते, ते दुसऱ्या एका बाईने पिकवलेले होते आणि तिला ते महाग विकले जायला हवे होते. दोघींचेही म्हणणे खरे होते. या दोघींमध्ये उभा असलेला व्यापारी, दलाल आणि सरकार यांचा हिशेब एकत्र मागणारी चळवळ मात्र उभी राहिली नाही, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक मोठी उणीव आहे असे आम्ही मानतो.

मोर्चाखेरीज दुसरा एक मार्गही याच समाजाने शोधला होता. तो गाजला कमी, टिकला अधिक. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ग्राहकांचे सहकारी भांडार सुरू झाले. तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून प्रसिद्ध झाले. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि 'लिज्जत'चा जन्म झाला. तेथे लाटणे उगारण्याऐवजी त्याची मजुरी ठरवली गेली. महागाईच्या ऐन भरात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारची काही कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, माल थेट उत्पादकाकडून येतो आणि सभासद स्वतःच तो मोजून वाटून घेतात. यात घोषणा नाहीत, पण एक शहाणपण आहे. एकट्या घराने काटकसर केली तर तिचा भार घरातल्या सर्वांत गप्प माणसावर पडतो. दहा-बारा घरांनी मिळून केली तर तो निदान उघड्यावर वाटला जातो.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. लाटणी घेऊन निघणाऱ्या बायकांच्या नेत्यांना तुरुंगात जावे लागले. मृणाल गोरे काही काळ भूमिगत राहून पकडल्या गेल्या. गंमत अशी की, १९७५-७६ मध्ये घाऊक किमती खरोखरच किंचित उतरल्या. चांगला पाऊस, चांगली पिके आणि आधीच्या वर्षीचे कठोर आर्थिक उपाय ही त्याची कारणे होती. परंतु सामान्यांच्या आठवणीत 'आणीबाणीत स्वस्ताई होती, गाड्या वेळेवर होत्या' असे समीकरण बसले आणि ते अजून पुसले गेलेले नाही. महागाईने गांजलेला माणूस स्वातंत्र्याची किंमत किती सहज कमी लावतो, याचा हा धडा आहे. १९७७ मध्ये मतदारांनी तो हिशेब चुकता केला. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घराघरांत पोहोचली. पण त्यानंतर संयुक्त समितीसारखी समिती पुन्हा उभी राहिली नाही. अशा चळवळी का विरतात याची कारणे नेहमी पक्षभेदांत शोधली जातात. आम्हांस आणखी एक कारण दिसते आणि ते आमच्यापर्यंत येऊन पोहोचते.

ते कारण म्हणजे आम्ही स्वतः. शासन, बँका, विमा, अनुदानित शाळा-महाविद्यालये यांतील पगारदारांना महागाई भत्त्याचे नियमित कवच मिळाले. वर्षातून दोनदा निर्देशांक पाहायचा आणि थकबाकीची वाट पाहायची, एवढाच आमचा महागाईशी संबंध उरला. ज्या मध्यमवर्गीय घरांतून थाळ्या वाजल्या होत्या, त्या घरांना थाळी वाजवण्याचे कारण राहिले नाही. हे कवच लढून मिळवलेले आहे, त्याची आम्हांस लाज वाटत नाही. परंतु आमच्याच प्राध्यापक-कक्षात तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी बसतात. तीच पदवी, तोच अभ्यासक्रम. पण त्यांना तासाचा दर मिळतो, त्याला भत्ता नाही आणि सुट्टीचा पगार नाही. भाव चढले की आमचा आकडा चढतो, त्यांचा राहतो तसाच. भत्त्याची बातमी आली की आम्ही मोठ्याने बोलतो आणि ते चहाचा कप घेऊन खिडकीशी जातात. शंभर वर्षांपूर्वी गिरणीतला कामगार आणि त्याला जेवू घालणारी खानावळवाली यांच्यात जी रेषा होती, ती आज आमच्या टेबलावरून गेलेली आहे.

इतिहासाने आम्हांस एवढेच शिकवले. महागाई ही एकट्या भावांची गोष्ट नाही; ती वाटणीची गोष्ट आहे. भाव कोणत्याही काळात चढतात. ते चढल्यावर कोणी काय सोडले, हे कोणी विचारते की नाही, यावरून समाज ओळखावा. आजीच्या वहीचे शेवटचे लिहिलेले पान डिसेंबरचे आहे. त्यावर महिन्याची बेरीज आहे, आणि बेरजेखाली 'शिल्लक' असे लिहून पुढे एक छोटी रक्कम मांडली आहे. ही शिल्लक पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिच्या टुकीचे कौतुक केल्याचे अजून सांगतात. दुसऱ्या वेळचा चहा तिने पुढे कधी सुरू केला, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.